प्रलयाच्या नावेतली जागा

(द्वितीय वर्ष कला)

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड गावावरून एक नदी वाहते. तिचे नाव जगबुडी. पावसाळ्यात ती चढली की बाजारपेठेत पाणी शिरते, आणि ओसरले की दुकानदार चिखल उपसून पुन्हा दुकाने मांडतात. आपल्या रोजच्या नदीला 'जग बुडवणारी' असे नाव द्यायचे आणि तिच्याच काठी संसार थाटायचा, ही वृत्ती मोठी विचार करण्यासारखी आहे. आपल्या बोलण्यात तर जगाचा अंत पदोपदी येतो. कोणी उगाच घाई करू लागला की आपण म्हणतो, 'एवढी काय जगबुडी आली आहे?' कोणी स्वतःपुरतेच पाहू लागला की म्हणतो, 'आप मेला, जग बुडाले!'

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला जलप्रलयाच्या कथांचा विषय निघाला. तेव्हापासून या विषयावर ग्रंथालयात जे हाती लागेल ते मी वाचत गेले. जगाचा शेवट कसा होईल याची चित्रे निरनिराळ्या समाजांनी निरनिराळी रंगवली आहेत. कुठे पाणी, कुठे आग, कुठे बर्फ, तर कुठे न्यायासनासमोर उभी राहिलेली माणसांची रांग. वाचता वाचता मात्र माझे लक्ष विध्वंसावरून दुसरीकडेच वळले. प्रत्येक कथेत एक नाव असते, गुहा असते किंवा वही असते, आणि त्यात कोणाला तरी जागा मिळते. ती कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे पाहिले की ती कथा रचणारा समाज आपल्याला आतून दिसू लागतो. या लेखात हेच थोडे उलगडून पाहण्याचा प्रयत्न आहे.

आरंभीच एक फरक सांगितला पाहिजे. प्रलयाची अफवा वेगळी आणि प्रलयाची कथा वेगळी. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा आपल्या देशात जग बुडणार अशी हूल उठली आणि ठिकठिकाणी यज्ञयाग झाले. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा कोसळली, तेव्हा ती आपल्याच डोक्यावर पडणार या भीतीने गावेच्या गावे आकाशाकडे डोळे लावून बसली होती. तिचे तुकडे शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. २१ डिसेंबर २०१२ रोजी माया लोकांच्या कालगणनेतील एक मोठे आवर्तन पुरे झाले, तर साऱ्या जगात पुन्हा तीच घबराट उडाली. अफवेला एकच प्रश्न ठाऊक असतो, 'केव्हा?' ती तारीख टळली की अफवा संपते. कथा विचारते, 'मग पुढे काय? उरेल कोण?' म्हणून ती हजारो वर्षे टिकते.

अंताच्या कल्पनेमागे काळाची कल्पना असते. काळ हे चाक मानले तर अंत हा एक आरा ठरतो. काळ ही सरळ वाट मानली तर अंत हा मुक्काम ठरतो.

आपल्या पुराणांतला काळ चाकासारखा आहे. कलियुग ४,३२,००० वर्षांचे, आणि पारंपरिक गणनेप्रमाणे ते इ. स. पूर्व ३१०२ मध्ये सुरू झाले. म्हणजे त्यातील पाच हजारांहून थोडी अधिक वर्षेच सरली आहेत. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. तो मावळला की नैमित्तिक प्रलय, उजाडला की पुन्हा सृष्टी. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी संकल्प सांगताना चालू कल्प, मन्वंतर आणि युग यांचा उच्चार करतात. पाटावर बसलेला यजमान जणू विश्वाच्या घड्याळात आपल्या घराचा पत्ता सांगत असतो! पुराणांनी 'नित्य प्रलय' असाही एक प्रकार मानला आहे. जिवांचे रोजचे मरण हाच तो प्रलय. आपली 'आप मेला' ही म्हण त्याच्या अगदी जवळ जाते.

जैन परंपरेतही कालचक्र आहे. उतरत्या अर्ध्या चक्राचे सहा आरे असून सध्या पाचवा चालू आहे. तो २१,००० वर्षांचा, आणि त्यानंतरचा सहावाही तेवढाच. त्या सहाव्या आऱ्यात माणसे खुजी होतील, नदीकाठच्या गुहांत राहतील आणि त्यांचे आयुष्य जेमतेम सोळा ते वीस वर्षांचे असेल, असे वर्णन आहे. माझ्या वयाची मुलगी तिथे म्हातारी ठरेल. तरीही ते चाक थांबत नाही. त्यानंतर चढते अर्धचक्र सुरू होते, सुखद पाऊस पडतो आणि पृथ्वी पुन्हा हिरवी होते.

यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांत काळ एका दिशेने जातो. आरंभ एकदाच, अंतही एकदाच, आणि त्या अंती निवाडा. कयामतच्या दिवशी प्रत्येकाच्या हाती त्याच्या कर्मांची वही दिली जाईल, असे कुराणात सांगितले आहे. वंश आणि संपत्ती तिथे कामाला येत नाहीत.

अंत कोणत्या रूपाने येतो, हे त्या त्या देशाच्या हवापाण्यावरही अवलंबून असावे. टायग्रिस-युफ्रेटिसच्या सपाट खोऱ्यात राहणाऱ्यांना पुराचे भय, म्हणून त्यांचा प्रलय पाण्याचा. प्राचीन इराणी लोकांच्या कथेत तो जीवघेण्या हिवाळ्याने येतो. आपल्या पुराणांत आधी सूर्य प्रखर होतात, संवर्तक अग्नी सारे जाळून टाकतो, आणि मग हत्तींच्या कळपांसारखे ढग येऊन वर्षानुवर्षे कोसळतात. आपल्याच वैशाख-आषाढाचे हे विराट रूप आहे, असे मला वाटते. उन्हाने भेगाळलेल्या रानात उभे राहून ज्याने मृगाची वाट पाहिली आहे, त्याला हा क्रम कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

उत्तर युरोपातील नॉर्स लोकांच्या 'रॅग्नारोक'मध्येही थंडी आहे. मध्ये उन्हाळाच न येता लागोपाठ तीन हिवाळे येतात, भाऊ भावाला मारतो, लांडगा सूर्याला गिळतो. इ. स. ५३६ मध्ये सूर्य वर्षभर निस्तेज दिसत होता, अशी नोंद प्रोकोपियस या त्या काळच्या इतिहासकाराने केली आहे. त्या भयंकर हिवाळ्यांची आठवण या कथेत उरली असावी, असे काही संशोधक मानतात.

आता नावांकडे वळू. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मेसोपोटेमियातील मातीच्या पाट्यांचे तुकडे पडून होते. त्यांवरील जलप्रलयाची कथा १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने प्रथम वाचली. हा स्मिथ म्हणजे चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला आणि नोटांचे ठसे कोरण्याच्या कामात उमेदवारी केलेला तरुण. जेवणाच्या सुटीत म्युझियममध्ये जाऊन तो ती बाणाकृती लिपी शिकला. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या माणसाने एवढा मोठा शोध लावावा, हे वाचून मला फार बरे वाटले.

त्या कथेतील उत्नपिश्तिमला देव सावध करतो आणि तो नाव बांधतो. तिच्यात तो आपले कुटुंब, सोने-रुपे, पशू आणि सर्व जीवांचे बीज घेतो, आणि त्यांबरोबर कारागिरांनाही घेतो. सुतारकाम, कुंभारकाम बुडाले तर पाणी ओसरल्यावर माणूस जगणार कसा, हे त्या लोकांनी ओळखले होते. पुढे देवांचीच फजिती होते. नैवेद्य दाखवणारी माणसेच उरलेली नसल्यामुळे ते भुकेने व्याकुळ होतात आणि पहिल्या यज्ञाचा वास येताच त्याच्याभोवती गर्दी करतात. याच कथेच्या एका पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या पाटीचे वाचन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ती नाव टोपलीसारखी गोल आहे.

बायबलमधील नोहाच्या तारवात आठ माणसे आहेत. नोहा, त्याचे तीन मुलगे आणि चौघांच्या बायका. मुलग्यांची नावे शेम, हाम व याफेथ अशी दिली आहेत. चारही बायकांची नावे मात्र उत्पत्तीच्या पुस्तकात नाहीत. जगातल्या साऱ्या स्त्रियांतून चौघी उरल्या, त्यांच्यापासून पुढची सारी मनुष्यजात झाली, आणि त्यांना नावे नाहीत!

आपली मनूची कथा याहून निराळी आहे. तिचे जुने रूप शतपथ ब्राह्मणात आढळते. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो, 'मला वाचव, मी तुला वाचवीन' असे सांगतो, आणि पुढे मोठा होऊन मनूची नाव ओढत उत्तरेच्या पर्वताकडे नेतो. इथे नावेत मनू एकटाच आहे. पाणी ओसरल्यावर तो तूप, दही वगैरेंची आहुती देतो आणि त्यातून इडा निर्माण होते. महाभारताच्या वनपर्वात हीच कथा आली आहे, पण तिथे नावेत सप्तर्षी आहेत आणि सर्व प्रकारची बियाणी आहेत. भागवतात तर बियाण्यांबरोबर औषधी वनस्पतीही येतात. कथा जसजशी जुनी होत गेली तसतशी नाव भरत गेली. एकट्या माणसाने तरून काय उपयोग, हे सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना हळूहळू जाणवत गेले असावे.

सर्वांत कडक यादी मला आढळली ती पारशी धर्मग्रंथ वेंदिदादमध्ये. यिम हा विवन्ह्वंताचा पुत्र. म्हणजे आपल्या वैवस्वत यमाचाच इराणी अवतार. (आपल्याकडे यम आणि मनू दोघेही विवस्वानाचेच पुत्र आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.) अहुरमज्द त्याला सांगतो की भयंकर हिवाळा येणार आहे, तेव्हा एक 'वर' म्हणजे बंदिस्त वसाहत बांध. तिच्यात उत्तमोत्तम स्त्री-पुरुषांचे, गुराढोरांचे आणि वनस्पतींचे बीज ने. वसाहतीचे तीन भाग. त्यांत नऊ, सहा आणि तीन गल्ल्या. आणि त्यांत अनुक्रमे हजार, सहाशे व तीनशे स्त्री-पुरुषांचे बीज. एकूण एकोणीसशे. पुढे कोणाला घ्यायचे नाही तेही स्पष्ट केले आहे. कुबड आलेला नको, वेडा नको, कोड किंवा महारोग झालेला नको, दातांत व्यंग असलेलासुद्धा नको!

शेतकरी पेरणीसाठी निवडक कणसे बाजूला काढतो, तशी ही निवड आहे. कथेमागची दृष्टी बियाण्याची आहे, हे मी समजू शकते. पण ज्याच्या पाठीला कुबड आहे तो माणूस ही कथा ऐकताना काय विचार करीत असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

काही कथांत यादी फार छोटी असते आणि तरीही तिच्यात विलक्षण गोडवा असतो. रॅग्नारोकमध्ये देवसुद्धा मरतात. ओडिनला लांडगा गिळतो. थॉर महासर्पाला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावलांवर कोसळतो. आपला पराभव ठरलेला आहे हे ठाऊक असून ते लढायला उतरतात. नंतर पृथ्वी समुद्रातून पुन्हा हिरवी होऊन वर येते. लिफ आणि लिफ्थ्रासिर ही दोन माणसे एका वृक्षराजीत लपून दंवावर जगलेली असतात. देवांच्या जुन्या खेळातल्या सोन्याच्या सोंगट्या गवतात सापडतात, आणि न पेरलेली शेते पिकतात. हे शेवटचे स्वप्न कष्टकरी माणसाचेच असणार. ज्याची कंबर पेरणीत आणि कापणीत मोडली आहे, त्यालाच न पेरता आलेले पीक स्वर्गासारखे वाटेल. ही कथा दगडातही कोरलेली आहे. इंग्लंडमधील गॉस्फर्थ गावी दहाव्या शतकातला एक उंच क्रूस उभा आहे. त्यावर रॅग्नारोकमधली दृश्ये आहेत आणि ख्रिस्ताचे क्रूसारोहणही आहे. जुना धर्म जाऊन नवा येत असताना त्या अनाम शिल्पकाराने दोन्ही धर्मांना एकाच दगडात जागा दिली.

आपल्याकडील प्रलयाचे सर्वांत कोवळे चित्र म्हणजे वटपत्रावरील बाळ. चहूकडे पाणीच पाणी, आणि वडाच्या एका पानावर पायाचा अंगठा चोखत पहुडलेला बालमुकुंद. मार्कंडेय ऋषी त्या बाळाच्या मुखातून आत जातो तर आत नद्या, पर्वत, नगरे, सारे जग जसेच्या तसे. म्हैसूर आणि तंजावरच्या चित्रकारांनी हे बाळ पुन्हा पुन्हा रंगवले आहे. इथे यादीच नाही. वगळलेले कोणीच नाही, सारे आत आहे.

चित्रांचा विषय निघाला म्हणून युरोपातील दोन कलाकृतींचा उल्लेख करते. बायबलच्या शेवटी 'प्रकटीकरण' नावाचे पुस्तक आहे. रोमन साम्राज्याच्या सत्तेखाली दबलेल्या ख्रिस्ती मंडळींसाठी ते पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात रोमला 'बाबेल' म्हटले आहे. ते नगर जळते तेव्हा व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल घेणारे आता कोणी उरले नाही. त्या मालाची लांबलचक यादी तिथे आहे. सोने, रुपे, मोती, रेशीम, मसाले, गव्हाचे पीठ, गुरे. आणि सर्वांत शेवटी गुलाम, माणसांचे जीव. जगाचा अंत हा ज्यांच्या घरी सुबत्ता आहे त्यांना शाप वाटतो. जो स्वतःच त्या मालाच्या यादीत आहे त्याला तो सुटका वाटू शकतो. ते पुस्तक वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने या पुस्तकावर पंधरा काष्ठचित्रे करून १४९८ मध्ये छापली. त्यांतील चार घोडेस्वारांचे चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. घोड्यांच्या टापांखाली बाया-माणसे तुडवली जात आहेत, आणि खाली कोपऱ्यात डोक्यावर मुकुट घातलेला एक जण नरकाच्या जबड्यात चालला आहे. चाळीसेक वर्षांनी मायकेलअँजेलोने रोमच्या सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर 'अंतिम न्याय' रंगवला (१५३६ ते १५४१). त्यातील नग्न आकृतींवर पोपच्या दरबारातील बियाजो नावाच्या अधिकाऱ्याने टीका केली. तेव्हा चित्रकाराने नरकाचा न्यायाधीश मिनोस याला त्याचाच चेहरा आणि वर गाढवाचे कान दिले, अशी हकीकत वाझारीने लिहून ठेवली आहे. कोण तरणार आणि कोण बुडणार हे ठरवण्याचा अधिकार पोपच्या घरात क्षणभर एका चित्रकाराच्या कुंचल्याकडे आला!

आतापर्यंत पाहिलेल्या कथांत अंत पुढे कधीतरी होणार आहे, किंवा फार पूर्वी होऊन गेला आहे. पण ज्यांचे जग डोळ्यांदेखत संपले त्यांचे काय? अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या मैदानी टोळ्यांचे सारे जीवन गव्यांच्या कळपांवर चालत असे. कोट्यवधींच्या संख्येने असलेले हे गवे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजाराच्या आसपास उरले. जमिनी गेल्या, माणसे राखीव प्रदेशांत कोंडली गेली. नेवाडामधील पायूट जमातीच्या वोवोका नावाच्या माणसाला १ जानेवारी १८८९ च्या सूर्यग्रहणाच्या सुमारास दृष्टान्त झाला. वर्तुळात हात धरून नाचत राहा. मेलेले आप्त परत येतील, गवे परत येतील, पृथ्वी नवी होईल, असा त्याचा सांगावा होता. हे 'भूतनृत्य' टोळ्याटोळ्यांतून पसरले. सरकारला त्यात बंडाचा वास आला. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे सैन्याने लकोटा लोकांवर गोळीबार केला. मृतांचे आकडे दीडशेपासून तीनशेपर्यंत दिले जातात, आणि त्यांत बायका-मुले पुष्कळ होती. ते लोक जगाचा अंत मागत नव्हते. अंत होऊन गेला होता. ते आरंभ मागत होते.

हे वाचताना मला माझ्या आजीचे बोलणे समजले. आमचे जुने गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. आजी त्या गोष्टीला 'गाव उठले' असे म्हणत नाही, 'जग बुडाले' असे म्हणते. लहानपणी मला ते अतिशयोक्तीचे वाटे. तिने सांगितलेला हिशेब साधा आहे. ज्यांच्या नावे सातबारा होता त्यांची नावे यादीत आली आणि त्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली, तीही कोणाला लवकर, कोणाला फार उशिरा. आजोबा दुसऱ्याच्या रानात सालगडी होते. बुडाले ते त्यांचेही घर, त्यांचाही पार, त्यांचीही विहीर. पण यादीच्या हिशेबी बुडण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हतेच. गाव सोडताना आजीने डोक्यावर जे नेले त्यात दोन गाडगी होती. एकात जोंधळ्याचे आणि दुसऱ्यात हुलग्याचे बियाणे, राखेत घोळवून ठेवलेले. पेरायला स्वतःचे वावर नव्हते तरी बी नेले! का नेले, असे मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, 'बी टाकून कुणी जातं का?'

वनपर्वातील मनूच्या नावेत बियाणी का होती, याचे यापेक्षा चांगले भाष्य मला कोणत्याही ग्रंथात मिळालेले नाही.

आपल्या काळाने प्रलयाचे चित्र बदलले आहे. १९४५ मध्ये अणुबॉम्ब पडल्यावर अंत देवाच्या हातून माणसाच्या हाती आला. १९४७ मध्ये अमेरिकेतील अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर एक घड्याळ छापले गेले. मार्टिल लँग्सडॉर्फ या चित्रकर्तीने ते काढले होते आणि त्यात मध्यरात्रीला सात मिनिटे कमी होती. मध्यरात्र म्हणजे सर्वनाश. शास्त्रज्ञ त्याचे काटे पुढे-मागे करीत आले आहेत. २०२५ च्या जानेवारीत ते मध्यरात्रीला ८९ सेकंदांवर आणले गेले. लांडगा नाही, घोडेस्वार नाहीत, नुसते दोन काटे. तरी पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आपल्या काळाने नावही बांधली आहे. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर, उत्तर ध्रुवाजवळच्या एका डोंगराच्या पोटात, २००८ मध्ये बियाण्यांचे जागतिक भांडार उघडले. तिथे जगभरच्या पिकांचे दहा लाखांहून अधिक नमुने गोठवून ठेवले आहेत. आपल्या हैदराबादजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने पाठवलेले ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांचे वाणही त्यांत आहेत. यिमाच्या 'वर'चीच ही आठवण. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळच्या संशोधन केंद्राचा बीजसंग्रह हाताबाहेर गेला, तेव्हा २०१५ मध्ये या भांडारातून पहिल्यांदा बियाणे बाहेर काढले गेले. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरून, वाढवून, २०१७ मध्ये त्यातला वाटा परत आणून ठेवला. कणगीतून उसने घेतलेले बी सुगीनंतर परत करावे, तसे!

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला होता. तिथल्या वनस्पतिसंस्थेत वाविलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातून जमवलेले बियाणे होते. शहर उपाशी मरत असताना त्या संस्थेतील कित्येक शास्त्रज्ञ पोत्यांशेजारी भुकेने मेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. तांदळाचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह यांच्या मागे तांदळाची हजारो पाकिटे शाबूत राहिली. खुद्द वाविलोव्ह १९४३ मध्ये आपल्याच सरकारच्या तुरुंगात उपासमारीने वारले. आणि आपल्या महाराष्ट्रात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान वाणांची बँक उभी केली. त्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या दोन्ही गोष्टी मी एकाच ओळीत लिहिते आहे, कारण त्या एकाच जातीच्या आहेत.

या साऱ्या वाचनातून मला जे उमगले ते थोडक्यात मांडते. जगाच्या अंताची कथा ही समाजाने स्वतःशी केलेली झडती आहे. उद्या सारे जाणार असेल तर बरोबर काय न्यायचे, असे विचारले की माणूस खोटे बोलू शकत नाही. बाबिलोनने कारागीर नेले, आपण बियाणे नेले, यिमाने निर्दोष शरीरे नेली. आणि जे मागे राहिले त्यांच्या नोंदी कथांत नाहीत. त्या आजीसारख्यांच्या बोलण्यात उरतात.

वेंदिदादची यादी इतकी कठोर असली तरी त्याच धर्माची शेवटची कथा निराळी आहे, हे नमूद केले नाही तर अन्याय होईल. 'बुंदहिश्न' या ग्रंथात सांगितले आहे की काळाच्या शेवटी डोंगरांतला धातू वितळून त्याची नदी होईल आणि प्रत्येकाला तिच्यातून चालत जावे लागेल. सज्जनाला ती कोमट दुधासारखी वाटेल, दुर्जनाला वितळलेल्या धातूसारखीच वाटेल. पण पलीकडच्या काठावर सारे शुद्ध होऊन निघतील, आणि बाप-लेक, भाऊ-भाऊ, मित्र-मित्र एकमेकांना पुन्हा भेटतील. आधी भिंत घालून माणसे निवडणारी परंपरा शेवटी साऱ्यांना पार नेते.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. उद्या आपल्यापैकी कोणी तलाठी होईल, कोणी शिक्षक, कोणी ग्रामसेवक, कोणी बँकेत जाईल. दुष्काळाची, पुराची, पुनर्वसनाची यादी आपल्याच टेबलावर तयार होईल. ती करताना एवढे करावे, की यादी पुरी झाली असे वाटले तरी कागद लगेच मिटू नये. ज्याच्यापाशी बुडण्यासारखे काही नाही असे दिसते, त्याच्या दाराशी एकदा जाऊन विचारावे, 'तुमचे काय काय बुडाले?'